चौसष्ट की एकशे अठ्ठावीस?

मालाडच्या मालवणीत आकाशवाणीचे मध्यम लहरींचे मनोरे उभे आहेत. तिथून निघालेला कार्यक्रम दहा जण ऐकोत की दहा लाख, प्रक्षेपणाचा खर्च तेवढाच राहतो. बोरिवलीत तयार झालेला विविध भारतीचा कार्यक्रम आणखी हजार घरांत लागला, तरी आकाशवाणीला एक पैसाही जास्त मोजावा लागत नाही. कलिन्याच्या विद्यापीठ परिसरातून १०७.८ मेगाहर्ट्झवर बोलणाऱ्या मुंबई विद्यापीठाच्या ‘मस्ट रेडिओ’लाही हेच लागू आहे. सामुदायिक केंद्र असल्यामुळे त्याला १०० वॉट शक्तीची आणि ३० मीटर उंच अँटेनाची मर्यादा आहे, त्यामुळे आवाज काही किलोमीटरच जातो. पण त्या टापूत ऐकणारे कितीही वाढले तरी केंद्राचा भार वाढत नाही. इंटरनेट रेडिओत नेमकं उलटं घडतं. हद्द उरत नाही. मुलुंडच्या एका खोलीतून बोललेलं न्यू जर्सीतल्या मराठी घरातही त्याच क्षणी पोचतं. मात्र सर्व्हरला प्रत्येक श्रोत्यासाठी वेगळा प्रवाह पाठवावा लागतो. म्हणजे आवाजाचा दर्जा आणि श्रोत्यांची संख्या यांचा गुणाकार होतो, आणि हा गुणाकार केंद्राला दर महिन्याला भरावा लागतो.

म्हणूनच लहान इंटरनेट केंद्र काढणाऱ्याला पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये एक आकडा निवडावा लागतो: ६४, १२८, की थेट ३२०? आकडा जितका मोठा तितका आवाज चांगला, ही समजूत इतकी पक्की बसलेली आहे की बरेच जण परवडेल तेवढा मोठा आकडा टाकून मोकळे होतात. माझं म्हणणं वेगळं आहे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड अशा ठिकाणाहून चालणाऱ्या आणि मुख्यतः तिथल्याच लोकांसाठी असलेल्या मराठी केंद्राने आपला मुख्य प्रवाह ६४ केबीपीएसच्या आसपास ठेवावा. दर्जासाठी जो पैसा आणि जे कष्ट घालायचे, ते या आकड्याच्या आधीच्या पायऱ्यांवर घालावेत. परिस्थितीमुळे पत्करलेली तडजोड म्हणून मी हे सुचवत नाही. उपनगरातल्या श्रोत्याच्या कानापर्यंत चांगला आवाज पोचवायचा तर हाच मार्ग अधिक खात्रीचा आहे, असं माझं मत आहे.

आधी हिशोब. केबीपीएस म्हणजे दर सेकंदाला किती हजार बिट पाठवले जातात ते माप. सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, शिवाय डावा आणि उजवा असे दोन चॅनल. गुणाकार केला की १,४११ केबीपीएस होतात. १२८ म्हणजे त्याचा साधारण अकरावा हिस्सा, ६४ म्हणजे बाविसावा. तासाभराच्या ऐकण्याला १२८ वर ५७.६ एमबी डेटा लागतो, ६४ वर २८.८ आणि ३२० वर १४४ एमबी. केंद्राला रात्रंदिवस मिळून सरासरी ५० श्रोते असतील, तर तीस दिवसांत १२८ वर सुमारे २ टीबी, ६४ वर १ टीबी आणि ३२० वर ५ टीबीहून जास्त डेटा सर्व्हरमधून बाहेर पडतो. भाड्याच्या सर्व्हरला महिन्याची मर्यादा असतेच, आणि कार्यक्रम लोकांना आवडू लागला की ती मर्यादा नेमकी तेव्हाच गाठली जाते. हा प्रवाह आपल्या घरच्या जोडणीतून जात नाही, हेही इथेच सांगितलं पाहिजे. घरातून सर्व्हरपर्यंत एकच प्रवाह जातो; तो वाटण्याचं काम सर्व्हर करतो. घरची फायबर जोडणी कितीही वेगवान असली तरी या हिशोबात त्याने फरक पडत नाही.

पण खर्च हा माझा मुख्य मुद्दा नाही. बाविसावा हिस्सा पाठवून आवाज चांगला राहतोच कसा, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर कोडेकमध्ये आहे. कोडेक म्हणजे आवाज आवळण्याची आणि पुन्हा उलगडण्याची रीत. एमपीथ्रीचं प्रमाण १९९३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यामागे जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं काम होतं. माणसाचा कान सगळंच ऐकत नाही, या एका निरीक्षणावर ते उभं आहे. मोठ्या आवाजाच्या जवळपासचा बारीक आवाज त्याच्याखाली झाकला जातो. जो झाकलाच जाणार आहे तो पाठवायचा कशाला? ब्रांडेनबुर्ग यांनी चाचणीसाठी सुझान व्हेगा यांचं ‘टॉम्स डायनर’ हे गाणं वापरलं होतं. ते वाद्यांशिवाय, नुसत्या आवाजात गायलेलं आहे. मागे काहीच वाजत नसल्यामुळे आवळताना झालेली चूक झाकायला जागा उरत नाही. जी रीत भरगच्च वाद्यवृंद निभावते, ती एकट्या माणसाच्या आवाजावर अडखळू शकते. बोलण्याचे कार्यक्रम करणाऱ्या प्रत्येक केंद्राने हे लक्षात ठेवावं.

एमपीथ्रीनंतर १९९७ मध्ये एएसी आलं, २००३ मध्ये एचई-एएसी आणि सप्टेंबर २०१२ मध्ये ऑपस. एचई-एएसीची युक्ती अशी: आवाजाचा वरचा, तीक्ष्ण पट्टा जसाच्या तसा पाठवायचाच नाही, त्याचं थोडक्यात वर्णन पाठवायचं आणि खालच्या पट्ट्यावरून श्रोत्याच्या फोननेच तो पुन्हा रचायचा. ऑपसमध्ये बोलणं आणि संगीत यांसाठी दोन वेगळ्या पद्धती एकत्र बांधलेल्या आहेत. या प्रगतीचं मोजमाप जाहीर अंध चाचण्यांतून झालेलं आहे. अशा चाचणीत मूळ ध्वनी आणि आवळलेले नमुने कोणता कुठला हे न सांगता ऐकवतात आणि श्रोते गुण देतात. २०११ मध्ये ६४ केबीपीएसवर झालेल्या चाचणीत तेव्हा घडत असलेलं ऑपस एचई-एएसीच्या पुढे गेलं. २०१४ च्या चाचणीत ९६ केबीपीएसच्या आसपासच्या ऑपसने त्याहून बराच जास्त डेटा खाणाऱ्या एमपीथ्रीला मागे टाकलं. निष्कर्ष सरळ आहे: कोडेकचं नाव घेतल्याशिवाय ‘६४ चांगलं की १२८’ या प्रश्नाला अर्थच नाही. ६४ चं एमपीथ्री आणि ६४ चं एचई-एएसी यांच्यातला फरक ६४ आणि १२८ यांच्यातल्या फरकापेक्षा मोठा असू शकतो.

हा फरक कानाला नेमका कुठे कळतो, ते टाळावर पाहावं. टाळाचा ठोका म्हणजे क्षणभर शांतता आणि मग एकदम उसळलेला, अगदी वरच्या कंपनांपर्यंत पसरलेला नाद. एमपीथ्री आवाजाचे तुकडे पाडून काम करतं. एक चौकट १,१५२ नमुन्यांची, म्हणजे सेकंदाच्या चाळिसाव्या भागाहून किंचित मोठी. आवळताना झालेली चूक त्या तुकड्यात सगळीकडे पसरते, ठोक्याच्या आधीच्या शांततेतसुद्धा. त्यामुळे ठोका पडण्याआधीच एक फुसफुस ऐकू येते आणि ठोक्याची धार बोथट होते. यावर उपाय म्हणून ठोका आला की लहान तुकडे वापरण्याची सोय एमपीथ्रीत आहे, पण लहान तुकड्यांना बिट जास्त लागतात आणि ६४ वर ते शिल्लक नसतात. आता भजनी मंडळात आठ-दहा टाळकरी एका लयीत वाजवत आहेत असं धरा. कोडेकचे बहुतेक बिट टाळांवरच खर्च होतात आणि मृदंगाच्या थापेला, अभंगाच्या शब्दांना उरलंसुरलं मिळतं. ऐकताना टाळ पावसाच्या सरीसारखा सळसळतो आणि शब्द त्या सरीपलीकडून येतात. तोच अभंग ६४ वर एचई-एएसीत किंवा ऑपसमध्ये ऐकला तर टाळाची धार मूळ ध्वनीइतकी राहत नाही, पण टाळ टाळच वाटतो आणि शब्द पुढे राहतात. तानपुरा आणि टाळ्यांचा कडकडाट हेही असेच कसोटीचे ध्वनी आहेत. कोडेक तपासायचा तर सिनेसंगीतावर तपासू नये, टाळावर तपासावा.

इथे इतिहासाचा दाखला देण्याचा मोह होतो. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीतं सुधीर फडक्यांच्या चालींत वर्षभर प्रसारित होत राहिली. मध्यम लहरींवर घरच्या रेडिओतून साधारण चार-पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही ऐकू येत नसे. आजच्या साध्या इंटरनेट प्रवाहापेक्षाही तो ध्वनी अरुंद होता. तरीही घराघरांत माणसं रेडिओपाशी जमत. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर अमीन सायानींचा ‘बिनाका गीतमाला’ लघुलहरींवर, आवाज चढत-उतरत असताना लोकांनी कान देऊन ऐकला. मग दर्जाची एवढी चिंता कशाला, असं कुणी म्हणेल. पण हा दाखला जपून वापरला पाहिजे. त्या श्रोत्याला दुसरा पर्यायच नव्हता. २००२ मध्ये मुंबईत खासगी एफएम केंद्रं आली तेव्हा श्रोते झपाट्याने तिकडे गेले. त्यामागे गाण्यांची निवड होती, तसा स्वच्छ आवाजही होता. तेव्हा या इतिहासातून सिद्ध होतं ते एवढंच, की शब्द आणि चाल अरुंद पट्ट्यातूनही मनापर्यंत जातात. माणसांना अरुंद पट्टा आवडतो, असं त्यातून ठरत नाही. आजच्या श्रोत्याच्या हातात तर एका बोटाच्या अंतरावर शेकडो पर्याय आहेत, आणि तो केंद्र बदलतो ते बहुतेक वेळा आवाज थांबल्यामुळे.

आवाज थांबणं हाच माझ्या युक्तिवादाचा गाभा आहे. उपनगरातला श्रोता ऐकतो कधी? मोठ्या प्रमाणावर प्रवासात. अंधेरीहून बोरिवलीकडे जाणारी जलद लोकल, घाटकोपरला मेट्रोतून उतरून मध्य रेल्वेच्या फलाटावर येणारी गर्दी, मुलुंड चेकनाक्यापाशी अडकलेली बस. गाडी धावत असताना फोन एका मनोऱ्यावरून दुसऱ्यावर जात राहतो आणि संध्याकाळी सात वाजता एकेका मनोऱ्यावर हजारो फोन एकाच वेळी ओढ लावतात. सरासरी वेग चांगला असूनही मध्येच काही सेकंद काहीच येत नाही, असं वारंवार घडतं. या काही सेकंदांत काय होतं, ते आइसकास्टवर पाहता येईल. लहान केंद्रांत सर्रास वापरलं जाणारं हे मोफत सॉफ्टवेअर. श्रोता जोडला गेला की आइसकास्ट त्याला सुरुवातीलाच एक साठा एकदम पाठवतं. ठरलेल्या मांडणीत तो ६४ केबीचा असतो. हा साठा वेळेत नाही, बाइटमध्ये ठरवलेला आहे. १२८ केबीपीएसच्या प्रवाहात ६४ केबी म्हणजे चार सेकंदांचा आवाज. ६४ च्या प्रवाहात तेवढ्याच जागेत आठ सेकंद मावतात, आणि ३२० च्या प्रवाहात जेमतेम दीड. नेटवर्क सहा सेकंद गेलं तर १२८ चा श्रोता मध्येच शांतता ऐकतो आणि ६४ च्या श्रोत्याला काही घडल्याचं कळतही नाही.

याच सॉफ्टवेअरमध्ये दुसरी एक मर्यादा आहे. श्रोता मागे पडला तर सर्व्हर त्याच्यासाठी रांग धरून ठेवतो, पण ती ५१२ केबीपर्यंतच. त्याहून मागे पडला की सर्व्हर त्याची जोडणी तोडतो. १२८ वर ही रांग ३२ सेकंदांत भरते, ६४ वर पासष्ट सेकंद टिकते, ३२० वर तेरा सेकंदांत संपते. गाडी दोन स्थानकांमध्ये थांबली आणि नेटवर्क चाळीस सेकंद गेलं, तर ६४ चा प्रवाह आपोआप पुढे सुरू होतो. १२८ च्या श्रोत्याचा कार्यक्रम बंद पडलेला असतो, आणि गर्दीत एका हाताने दांडी धरून उभ्या असलेल्या माणसाला फोन काढून तो पुन्हा लावावा लागतो. नेटवर्क परतल्यावर मागचा साठा भरून काढायलाही कमी बिटरेटला कमी वेळ लागतो. हे दोन्ही आकडे सेटिंगमध्ये वाढवता येतात आणि ते वाढवावेतही. पण साठा वाढवला की प्रत्यक्ष बोलणं आणि ऐकणं यांतलं अंतर वाढतं, आणि श्रोत्यांचे फोन घेऊन चालणाऱ्या कार्यक्रमाला ते सोसत नाही. भुयारी मेट्रोत नेटवर्क पूर्णच गेलं तर कुठलाच बिटरेट कामाचा नाही, हे मान्य. पण उपनगरातल्या प्रवासात येणारे बहुतेक खंड काही सेकंदांपासून मिनिटभरापर्यंतचे असतात, आणि ६४ व १२८ मधला फरक नेमका त्याच टप्प्यात निर्णायक ठरतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यापासून डेटा स्वस्त झाला, रोज दीड-दोन जीबी लोकांच्या हातात असतो, फोरजी-फाइव्हजीवर माणसं व्हिडिओ पाहतात, तिथे ६४ आणि १२८ मधला फरक काय उरला? आक्षेपातली माहिती बरोबर आहे. श्रोत्याच्या खिशाचा विचार केला तर हा फरक आज नगण्य आहे आणि मी त्यावर भर देणार नाही. पण व्हिडिओची उपमा इथे लागू होत नाही. आधीच साठवलेला व्हिडिओ फोन कितीतरी मिनिटं पुढचा उतरवून ठेवू शकतो. थेट प्रक्षेपणात पुढचं अजून घडलेलंच नसतं, त्यामुळे साठा काही सेकंदांचाच राहतो. शिवाय मोठे व्हिडिओ मंच नेटवर्क पाहून दर्जा आपोआप वरखाली करतात. बीबीसीसारखी मोठी संस्थाही आपले कार्यक्रम एकाच वेळी अनेक बिटरेटवर ठेवते, कमी बिटरेटला एचई-एएसी आणि वरच्यांना साधं एएसी. शास्त्रीय संगीताच्या रेडिओ ३ साठी ती ३२० पर्यंत जाते. ती सगळी यंत्रणा उभारण्याइतकं बळ लहान केंद्राकडे नसतं. त्याचा एकच मुख्य प्रवाह असतो आणि तो सगळ्यांत वाईट क्षणी टिकेल असाच असावा लागतो. सरासरी वेगावर भरवसा ठेवून ठरवलेला आकडा नेमका संध्याकाळच्या गर्दीत, सर्वांत जास्त श्रोते असताना दगा देतो.

दुसरा आक्षेप जास्त मोलाचा आहे. संगीत गंभीरपणे ऐकणारा श्रोता घरी, चांगल्या हेडफोनवर ऐकतो. त्याला ६४ पुरत नाही आणि त्याच्यावर अन्याय का करायचा? करू नये. त्याच्यासाठी १२८ किंवा १९२ केबीपीएसचा दुसरा प्रवाह ठेवावा. तसे श्रोते थोडे असतात, त्यामुळे गुणाकार आटोक्यात राहतो. हा दुसरा प्रवाह एमपीथ्रीत ठेवावा असं मी म्हणेन, कारण त्यातून आणखी एक अडचण सुटते: जुने फोन, गाड्यांतल्या म्युझिक सिस्टिम, घरातले जुने इंटरनेट रेडिओ यांना एमपीथ्री हमखास कळतं. एमपीथ्रीच्या पेटंटची मुदत संपून २०१७ मध्ये त्याचा परवाना कार्यक्रमही बंद झाला आहे. कान सर्वांत जास्त ऑपसवर खूश असला तरी संगीताच्या मुख्य प्रवाहासाठी मी एचई-एएसीच सुचवेन. आइसकास्टमधून ऑपस ज्या ऑग वेष्टनात निघतं, ते अ‍ॅपलच्या ब्राउझरने वर्षानुवर्षं वाजवलं नाही, आणि जुने आयफोन अजून पुष्कळांच्या हातात आहेत.

पण श्रोत्यावर खरा अन्याय बहुतेक वेळा बिटरेटच्या आधीच झालेला असतो. कुठून तरी उतरवलेली १२८ ची एमपीथ्री फाइल केंद्र वाजवतं, एन्कोडर, म्हणजे प्रवाह तयार करणारं सॉफ्टवेअर, ती पुन्हा आवळतो, मग श्रोत्याचा फोन ब्लूटूथच्या इअरफोनकडे पाठवताना तिसऱ्यांदा आवळतो. प्रत्येक वेळी कोडेक आधीच्या कोडेकच्या चुकांनाही खरा आवाज समजून जपू पाहतो. अशा फाइलवरून ३२० चा प्रवाह काढला तर त्या चुकाच अडीचपट डेटा खर्चून पोचवल्या जातात. मूळ सीडीवरून किंवा फ्लॅकसारख्या, काहीही न गमावता साठवलेल्या फाइलवरून काढलेला ६४ चा एचई-एएसी प्रवाह त्यापेक्षा स्वच्छ ऐकू येतो. म्हणून केंद्राचा संग्रह मूळ दर्जात ठेवणं हे पहिलं काम. हार्ड डिस्कला एकदाच पैसे लागतात. बिटरेटला दरमहा लागतात.

खोलीचंही तेच आहे. उपनगरातल्या फ्लॅटमध्ये पंखा फिरत असतो, खिडकीखाली रिक्षांचे हॉर्न, लांबून लोकल, घाटकोपर-कुर्ल्याकडे तर विमानतळावर उतरणारी विमानं डोक्यावरून जातात. ऐकणाऱ्याला याचा त्रास होतोच, पण कोडेकला त्याहून जास्त होतो. पंख्याच्या सततच्या घरघरीला ठरावीक आकार नसतो आणि आकार नसलेला ध्वनी आवळायला सर्वांत कठीण. ठरलेल्या ६४ केबीपीएसमधला मोठा वाटा पंख्यावर खर्च झाला की निवेदकाच्या वाट्याला कमी येतो. याचा अर्थ पंखा बंद करणं म्हणजे फुकटात बिटरेट वाढवणं. खिडकीला जाड पडदा, भिंतीपाशी कपड्यांचं कपाट किंवा टांगलेली गोधडी, साधा डायनॅमिक माइक तोंडापासून चार बोटांवर. एवढ्याने जो फरक पडतो तो १२८ वरून ३२० वर जाऊन पडत नाही. मग पातळी. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने २०१५ मध्ये इंटरनेट प्रवाहांसाठी उणे १६ ते उणे २० एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाच्या मोठेपणाचं माप) या दरम्यानची सरासरी पातळी सुचवली होती. प्रवासातला श्रोता धरला तर उणे १६ जवळ राहणं बरं. निवेदन हळू आणि गाणं मोठं असं झालं की लोकलच्या खडखडाटात आवाज वाढवलेल्या माणसाच्या कानठळ्या बसतात आणि तो केंद्रच बंद करतो.

केंद्रावर वाजणार काय, यावरही आकडा ठरतो आणि इथे कायदा आडवा येतो. टिप्स विरुद्ध विंक म्युझिक या खटल्यात बॉम्बे हायकोर्टाने एप्रिल २०१९ मध्ये निकाल दिला, की कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१-डी मधला वैधानिक परवाना रेडिओ आणि दूरचित्रवाणीच्या प्रसारणापुरता आहे. इंटरनेटवरील प्रसारण त्यात बसत नाही. २०२२ मध्ये खंडपीठानेही तो कायम ठेवला. म्हणजे एफएम केंद्र ज्या वाटेने ठरलेल्या दरात गाणी वाजवू शकतं, ती वाट लहान इंटरनेट केंद्राला बंद आहे. हक्कधारकांशी स्वतंत्र बोलणी करूनच गाणी घ्यावी लागतात. साहजिकच अशा केंद्राचा भर मुलाखती, कथावाचन, व्याख्यानं, स्थानिक घडामोडी, परवानगी घेऊन ध्वनिमुद्रित केलेली भजनी मंडळं आणि नवे गायक यांवर राहतो. तो राहावा असं मलाही वाटतं, कारण गाणी इतरत्र मुबलक आहेत आणि मुलुंडचं मुलुंडला सांगणारं कुणी नाही. बोलण्याला मोनो पुरतं. ६४ केबीपीएस एकाच चॅनलला दिले तर साधं एएसीही माणसाचा आवाज अतिशय स्वच्छ देतं, आणि बोलण्यासाठी ते एचई-एएसीपेक्षा मला जास्त पटतं. कारण मराठीतले स, श, छ यांचा कस वरच्या पट्ट्यात असतो. पारंपरिक टेलिफोनचा पट्टा ३,४०० हर्ट्झला संपतो, म्हणून त्यावर ‘स’ आणि ‘फ’ यांत गोंधळ होतो. एचई-एएसी हा पट्टा अंदाजाने रचतं. त्यात कधीकधी ‘स’ला शिट्टीसारखी धार येते आणि तासभराच्या कथावाचनात ती टोचू लागते. तेव्हा बोलणं प्रधान असेल तर ६४ मोनो एएसी, संगीत प्रधान असेल तर ६४ स्टिरिओ एचई-एएसी.

न तुटण्याच्या बाबतीत दोन गोष्टी आणखी. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईभर वीज गेली होती तसा दिवस विरळा, पण पाच-दहा मिनिटांचा खंड कुठेही पडतो, मग मुलुंडला महावितरण असो की अंधेरीला अदानी. संगणक आणि राउटर या दोघांनाही यूपीएसवर ठेवावं. राउटर विसरला जातो. आणि आइसकास्टमध्ये फॉलबॅकची सोय आहे ती वापरावी. घरचा प्रवाह तुटला की सर्व्हर श्रोत्यांना न तोडता दुसऱ्या, आधीच ठेवलेल्या प्रवाहावर वळवतो. तो दुसरा प्रवाह त्याच कोडेकचा आणि त्याच नमुनादराचा असावा लागतो, नाहीतर पुष्कळ प्लेअर मध्येच गप्प होतात.

राहिला प्रश्न हे सगळं आपल्या केंद्राला लागू पडतं का, हे तपासण्याचा. त्यासाठी आइसकास्टची नोंदवही हाताशी असते. प्रत्येक श्रोता कधी आला आणि किती सेकंद जोडलेला राहिला हे तिच्यात लिहिलेलं असतं. महिनाभर दोन्ही प्रवाह चालू ठेवावेत आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळातल्या नोंदी वेगळ्या काढून पाहाव्यात. एकाच पत्त्यावरून मिनिटाच्या आत पुन्हा पुन्हा आलेल्या जोडण्या म्हणजे तुटलेला आणि परत लावलेला रेडिओ. १२८ च्या प्रवाहात अशा नोंदी ६४ पेक्षा बऱ्याच जास्त निघाल्या तर संकेतस्थळावरचं मोठं बटण ६४ ला जोडावं आणि १२८ खाली लहान अक्षरांत ठेवावं. दोन्हीकडे त्या सारख्याच निघाल्या, श्रोते बहुतांशी घरून ऐकतात असं दिसलं आणि सर्व्हरची मर्यादा दूर असली, तर मुख्य प्रवाह ९६ च्या एएसीवर न्यायला हरकत नाही. त्यापुढे जाण्याचं कारण मात्र संग्रह मूळ दर्जात आल्यावर आणि खोलीतला पंखा बंद झाल्यावरच शोधावं.